भाताच्या खाचरात भातासारखंच काहीतरी उगवलंय, उपटू की ठेवू?

मुरबाडचा_मुक्काम | २६ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी, नोकरी डोंबिवलीत, पण शनिवार-रविवार गावी, मुरबाड तालुक्यात. तीन खाचरं आहेत, तिन्हींत कर्जत-३ वाणाचा भात. काका गेल्यापासून शेती काकू आणि मी मिळून बघतो. म्हणजे काकू बघते, मी तिच्या मागे बांधावरून फिरतो.

तळ्याच्या अंगाला जे खाचर आहे तिथली गोष्ट. राबात रोप एकसारखं होतं. लावणी झाली, बेणणीला म्हणजे तण काढायला बायका दोनदा फिरल्या, कुणाला काही वेगळं दिसलं नाही. आता लोंब्या भरत आल्यात आणि पंधरा-वीस ठिकाणी एखादं रोप बाकीच्यांपेक्षा वीतभर वर डोकं काढून उभं आहे. पान भाताचं, कांडं भाताचं. फक्त लोंबी मोकळी, विस्कटलेली. काही रोपांच्या दाण्यांना लांब लालसर कूस, म्हणजे टोकाला केसासारखा काटा आहे, काहींना अजिबात नाही. एका लोंबीला नुसता हात लावला तर निम्मे दाणे चिखलात. शेजारचं कर्जत-३ अजून हिरवट आहे!

काकू म्हणते, "गळका भात तो, उपट." आमचा गडी म्हणतो भातच आहे, राहू द्या, दोन दाणे जास्त मिळतील. शेजारी बियाण्याच्या पिशवीला नावं ठेवतायत. हे गवत आहे की भात?

तुसाकोंडा | २६ सप्टेंबर, रात्री ११:०५

सावा असेल. कुणी पाखड म्हणतं. आमच्याकडे पेणला दरवर्षी असतो, लहानपणी भाताशेजारी ठेवला तर आईलाही ओळखू येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. पान कांड्याला जिथे मिठी मारतं तिथला सांधा उघडून बघा. भाताला तिथे पातळ पांढरी जिभली असते आणि दोन बाजूंना केसाळ कानासारखं काहीतरी असतं. साव्याला दोन्ही नसतं, सांधा सपाट. बेणणीला बसलेल्या बायका मान वर न करता गप्पा मारत सावा उपटतात त्या ह्याच खुणेवर.

मुरबाडचा_मुक्काम | २७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

आत्ताच बघून आलो. जिभली आहे. चांगली लांब आणि टोकदार आहे. कानही आहेत.

तुसाकोंडा | २७ सप्टेंबर, सकाळी ७:२०

मग माझी विद्या संपली. वनस्पतीवेडा यांना हाक मारा.

वनस्पतीवेडा | २७ सप्टेंबर, सकाळी ९:५०

हाक ऐकली. आज सुट्टी आहे, त्यामुळे लांबण लागणार.

तुसाकोंडा यांनी सांगितलेला सावा म्हणजे बहुरूपी. भाताशी त्याचं जवळचं नातं नाही, पण शेकडो पिढ्या खुरपणीतून जे रोप भातासारखं दिसलं ते वाचलं, जे वेगळं दिसलं ते उपटलं गेलं. आपणच निवडून निवडून त्याला सोंग घ्यायला शिकवलं. वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. सोंग कितीही बेमालूम असलं तरी जिभलीपाशी उघडं पडतं.

तुमच्या खाचरात मात्र सोंग नाही. ते रोप भाताचं सख्खं नातेवाईक आहे. तळ्यात, डबक्यात, ओढ्याच्या काठाला जो जंगली भात उगवतो, आपल्याकडे ज्याला देवभात म्हणतात, तो आणि आपला भात या दोघांची गुणसूत्रं २४. दोघांचा संकर होतो आणि संकराला बीही धरतं. देवभातातही दोन भाऊ आहेत. एक खोल, बारमाही पाण्यातला. तो वर्षानुवर्षं त्याच कांड्यांतून फुटत राहतो. दुसरा उथळ डबक्यातला, पाणी आटायच्या आत बी टाकून मरणारा. या दुसऱ्याला १९६५ साली शर्मा आणि शास्त्री या आपल्याच शास्त्रज्ञांनी नाव दिलं, त्यात 'निवारा' हा शब्द आहे. म्हणजे संस्कृतातला नीवार. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत सारथ्याला आश्रम जवळ आल्याच्या खुणा दाखवतो, त्यात पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. ऋषींचं धान्य ते हेच.

आता साम्य सांगण्यापेक्षा फरक सांगणं सोपं, कारण फरक मोजकेच आहेत. रानातल्या गवताला आपलं बी पसरवायचं असतं, म्हणून दाणा पिकला की देठाशी एक पेशींचा थर आपोआप सुटतो आणि दाणा गळतो. सगळे दाणे एकदम पिकत नाहीत, रोज थोडे. गळलेलं बी लगेच रुजत नाही, मातीत झोपून राहतं, काही तर अनेक वर्षं. दाण्याला कूस असते, त्याने तो चिखलात रुततो आणि पाखरालाही टोचतो. सालीखालचा दाणा लाल. रोप कोवळेपणी पसरट. आपल्याला उलटं हवं होतं. दाणा लोंबीत टिकला पाहिजे, एका वेळी पिकला पाहिजे, पेरला की रुजला पाहिजे. गळणं थांबवणारा एक मोठा बदल २००६ मध्ये सापडला, तो एका जनुकातल्या एका अक्षराचा आहे. बहुतेक पांढऱ्या तांदळाचा पांढरेपणाही असाच, लाल रंग आणणाऱ्या जनुकातली चौदा अक्षरं गळून गेली तेव्हा आला.

एक अक्षर इकडचं तिकडे झालं म्हणून आपण मळणी करू शकतो! मला दर वेळी सांगताना अंगावर काटा येतो, घरचे मात्र कंटाळलेत.

सुलभाताई_वसई | २७ सप्टेंबर, दुपारी १:३०

देवभाताचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्या घरी ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही शिजत नाही. ऋषीची भाजी आणि सोबत देवभात. नांगर लागला नाही, कुणी पेरला नाही, म्हणून चालतो. माझ्या सासूबाई बाजारात एका ठरावीक बाईकडूनच घ्यायच्या. ती वाटीच्या मापाने विकायची आणि भाव केला तर सरळ पिशवी बंद करायची.

त्या बाईनेच सांगितलं होतं, हा भात कापून आणता येत नाही. कापायला जावं तर लोंबीवर काही उरलेलंच नसतं. दाणा हिरवट असतानाच पाण्यात उतरून चार-पाच लोंब्या एकत्र बांधून ठेवायच्या, म्हणजे गळलेला दाणा त्या जुडीतच अडकतो. मग टोपली खाली धरून झटकायचं. पंचमीला मिळतो तो गेल्या हंगामाचाच, कारण भाद्रपदात नवा कुठला तयार असायला? दाणा बारीक, लाल, शिजायला हट्टी. चवीला मला आवडतो. मुलं नाकं मुरडतात.

तर मुरबाडकर, उपटायचा असेल तर उपटा, पण तळ्यातल्याला हात लावू नका.

रायपूरचा_पाहुणा | २७ सप्टेंबर, दुपारी ३:१०

सुलभाताई, अगदी हेच इथे छत्तीसगडात! माझ्या तीन पिढ्या रायपुरात गेल्या. इकडे कमरछठला, म्हणजे हलषष्ठीला, बायका पसहर तांदूळ खातात. नांगरलेल्या जमिनीतलं त्या दिवशी चालत नाही, तेव्हा तळ्यातलाच. सणाच्या आधी पसहर नेहमीच्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने विकला जातो.

गंमत अशी की त्याच घरचा शेतकरी शेतातल्या त्याच्या भाईबंदाला करगा म्हणतो आणि शिव्या देतो. इथे बऱ्याच ठिकाणी भात फेकून पेरतात आणि महिनाभराने उभ्या पाण्यात नांगर फिरवतात, त्याला बियासी म्हणतात. ओळी नाहीत, त्यामुळे करगा कुठला आणि भात कुठला हे लोंबी येईपर्यंत कळायचं कसं? म्हणून इथल्या कृषी विद्यापीठाने श्यामला नावाचं जांभळ्या पानांचं वाण काढलं. सगळं शेत जांभळं, त्यात हिरवं दिसेल ते उपटा.

शंकेखोर | २७ सप्टेंबर, दुपारी ३:४५

आणि करगा जांभळा झाला तर?

वनस्पतीवेडा | २७ सप्टेंबर, दुपारी ४:००

होतोच. पीक आणि तण यांचा संकर होत राहिला की काही हंगामांत तणही जांभळं होतं, आणि उपटणाऱ्याने हिरवी तेवढी उपटून जांभळ्यांना रान मोकळं करून दिलेलं असतं. सावा जो धडा शिकला तोच, फक्त लवकर. म्हणून जांभळं वाण एखाद-दोन वर्षं लावून पुन्हा हिरव्यावर यायचं असतं.

शंकेखोर | २७ सप्टेंबर, दुपारी ४:२०

मग मुरबाडकरांचा गुन्हेगार तळ्यातच बसलाय. खाचर तळ्याला लागून, देवभाताचा पराग वाऱ्याने आला, संकर झाला, खटला संपला. सुलभाताई रागावतील, पण तळं साफ करा.

आर्कान्सातला_कोकणी | २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३० (आमच्याकडे सकाळ)

खटला इतक्यात संपवू नका. मी राहतो त्या राज्यात अमेरिकेतला सर्वांत जास्त भात पिकतो आणि इथल्या शेतकऱ्याचं एक मोठं दुखणं म्हणजे लाल भात, हेच तण. इथे आशियातला देवभात रानात कुठेच नाही. तळ्यात नाही, ओढ्यात नाही. मग तण आलं कुठून?

जनुकं तपासल्यावर कळलं की इथलं तण मुख्यतः दोन घराण्यांचं. एक पेंढ्याच्या रंगाच्या तुसाचं, दुसरं काळ्या तुसाचं आणि कुसाचं. दोन्हींचे पूर्वज आशियातले लागवडीचे भात आहेत, बियाण्यातून इकडे आलेले. म्हणजे पीकच पुन्हा रानटी झालं. त्याहून मजेची गोष्ट, वनस्पतीवेडांनी जे एक अक्षर सांगितलं ना, दाणा धरून ठेवणारं, ते या तणात बहुतेक पिकासारखंच आहे. तरीही दाणा गळतो. गेलेली सवय त्याने दुसऱ्याच वाटेने परत मिळवली.

तेव्हा तळ्याला फाशी देण्याआधी बियाण्याची पिशवी तपासा.

मुरबाडचा_मुक्काम | २७ सप्टेंबर, रात्री ९:००

पिशवीचं सांगतो. दोन खाचरांचं बियाणं घरचं होतं. तळ्याजवळच्या खाचराला कमी पडलं म्हणून तालुक्यातल्या एका दुकानातून आणलं. पिशवीला शिवण होती, पण खुणेची चिठ्ठी नव्हती. घाईत घेतलं, पावती मागायचं सुचलं नाही. आता दुकानदार ओळखही देत नाही. म्हणजे संशयित दोन, तळं आणि पिशवी, आणि दोघेही त्याच एका खाचराला भिडलेले!

माड_आणि_मी | २७ सप्टेंबर, रात्री ९:४०

आमच्याथंय मालवणात तळ्यात असलो भात उगवता, पण खाणा कोण नाय. बदकां खातत. लाल म्हणान कोणाक भिया नका, आमचो वालय लालच. त्येची पेज खावन बघा आणि मग काय ता बोला.

वनस्पतीवेडा | २७ सप्टेंबर, रात्री १०:१५

माड_आणि_मी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. लाल दाणा म्हणजे रानटी, असं समजायचं नाही. कोकण-गोव्यात कितीतरी जुनी वाणं लाल आहेत. गोव्याच्या खाजणात खाऱ्या पाण्याला दाद न देणारा कोरगुट तर लालही आहे आणि कुसाचाही. तो पीकच आहे, कारण दाणा सोडत नाही.

तळ्याबद्दल थोडं. लागवडीचा भात बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतो. फूल दुपारच्या आत तास-दोन तास उघडतं आणि तेवढ्यात काम उरकलेलं असतं. देवभाताच्या फुलातले स्त्रीकेसराचे तुरे बाहेर लोंबतात, तो बाहेरचा पराग सहज घेतो. त्यामुळे तळ्यातून शेतात जितकं येतं त्याहून जास्त शेतातून तळ्यात जातं. शंकेखोर, खरं तर तळ्याने तुमच्यावर खटला भरायला हवा.

आणि तळी साफ करा म्हणणाऱ्यांसाठी. १९७० च्या दशकात आग्नेय आशियात भातावर खुरटा रोग आला, तपकिरी तुडतुडे तो पसरवायचे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सहा हजारांवर नमुने तपासले. दाद देईना असा एकच निघाला, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला नीवार. दिसायला मरतुकडं गवत. गुरदेव सिंग खुश या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा तो गुण पिकात आणला आणि १९७६ साली आय.आर.-३६ आलं. पुढे ते वाण एक कोटी हेक्टरांच्या वर पसरलं.

दुसरी गोष्ट चीनमधली. १९७० च्या नोव्हेंबरात हैनान बेटावर संकरित भातावर काम करणारे शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्याला पाणथळीत एक जंगली भात दिसला, ज्याचा पराग वांझ होता. संकरित भाताचं बियाणं करायला नेमकी अशीच मादी हवी असते. त्या एका झुडपातून चीनचा संकरित भात उभा राहिला. आपल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं सह्याद्री हे संकरित वाण ज्या मादी ओळीवर बेतलंय, तिचा वांझपणाही त्याच घराण्यातला. म्हणजे सह्याद्रीच्या आईकडे बघायला गेलं तर हैनानचं गवत.

सोलापुरी_कडक | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१०

भातवाल्यांच्या गर्दीत ज्वारीवाला घुसतोय, माफी. आमच्याकडे बांधावर बरू असतो, तो पण ज्वारीचा भाऊच ना? ताट बघितलं तर बारीक ज्वारीच वाटते.

वनस्पतीवेडा | २८ सप्टेंबर, सकाळी ८:४५

भाऊ म्हणजे दूरचा. ज्वारीची गुणसूत्रं २०, बरूची ४०. जमिनीखाली त्याची गाठीगाठींची खोडं पसरतात, नांगराने तुकडे केले की प्रत्येक तुकडा नवा बरू. एक साम्य मात्र जिवावरचं. कोवळी ज्वारी आणि कोवळा बरू, दोन्हींत गुरांना विषबाधा करणारं तेच द्रव्य असतं. बाकी बरूसाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

चिखलणी | २८ सप्टेंबर, सकाळी ११:२०

इतिहास-भूगोल झाला असेल तर शेताचं बोलू का? मी रोह्याची, सोळा वर्षं स्वतः शेती करते.

मुरबाडकर, हे तण औषधाने मरत नाही. म्हणजे मरतं, पण भातही मरतो. दोघं एकच आहेत, औषधाने भेद करायचा कसा? तणनाशक सोसणारी बासमतीची दोन वाणं २०२१ मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेने काढली आहेत, पण ती आपल्या कोकणासाठी नाहीत.

आर्कान्सातला_कोकणी | २८ सप्टेंबर, सकाळी ११:३५ (झोप येत नाही)

मध्येच बोलतो. इकडे असली वाणं २००२ पासून आहेत. थोड्याच वर्षांत संकर होऊन तणही तेच औषध पचवायला लागलं.

चिखलणी | २८ सप्टेंबर, सकाळी ११:५०

बरं. तर आपलं खरं औषध लावणी हेच. चिखलणीत बरंचसं बी गाडलं जातं, रोपाला तीन आठवड्यांची आघाडी मिळते आणि ओळीबाहेर उगवेल ते परकं हे आंधळ्यालाही कळतं. मजूर मिळत नाहीत म्हणून आता बरेच जण सरळ पेरतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, मजुरीचा हिशोब मलाही कळतो. पण मलेशियात असंच झालं. १९८० च्या दशकात लावणी सोडून पेरणीवर आले आणि मागोमाग हे तण. तिकडे त्याला पादी आंगिन म्हणतात, वाऱ्याचा भात. वारा आला की गळतो म्हणून.

आता करायचं ते असं. जे वर डोकं काढून आहेत ते आजच्या आज कापा. उपटू नका, हिसक्याने दाणे पडतात. लोंबीवर पिशवी चढवायची, गळा आवळायचा, मग खाली विळा. त्या खाचराचं धान्य पुढच्या वर्षी बियाण्याला ठेवू नका. आणि पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की त्या खाचरात घाई करू नका. पडलेलं बी उगवू द्या, नांगरा, पुन्हा उगवू द्या, पुन्हा नांगरा, मग चिखलणी.

शंकेखोर | २८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

हे सगळं ठीक. पण ते तळ्याचं की पिशवीचं, हे कसं ठरणार?

वनस्पतीवेडा | २८ सप्टेंबर, दुपारी १:१५

ठाम सांगायला प्रयोगशाळा लागेल. पण दाणा गळला की ओरबाडला, हे घरी बघता येतं. दाण्याच्या बुडाशी, देठाला जिथे जोडलेला होता तिथे भिंगाने बघा. आपणहून सुटलेल्याचा व्रण गोल आणि गुळगुळीत असतो. झोडून काढलेल्याचा फाटका, खडबडीत. चीनमध्ये तियानलुओशान इथे उत्खननात सापडलेल्या भाताचे हजारो दाणे असेच तपासले. तिथे साधारण ६९०० वर्षांपूर्वी न गळणारे दाणे शेकडा २७ होते, तीनेकशे वर्षांनी ३९ झाले. तीनशे वर्षांत एवढंच! माणूस आणि गवत यांची सोयरीक जुळायला किती वेळ लागला ते त्या बुडाच्या खळग्यात लिहिलेलं असतं.

तीन ठिकाणचे दाणे आणा. तळ्यातले, कर्जत-३ चे आणि संशयिताचे.

मुरबाडचा_मुक्काम | ४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

आठवडाभर गप्प होतो, माफ करा. रविवारीच काकू आणि मी पिशव्या घेऊन उतरलो होतो. चिखलणीताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी पिशवी, मग विळा. एकूण तेवीस रोपं निघाली. काकूने सुचवलं म्हणून खाली उलटी छत्री धरली, तरी थोडे दाणे पडलेच. तळ्यात कमरेभर पाण्यात जाऊन तिथल्याही लोंब्या आणल्या. पुतणीच्या शाळेचं भिंग घेतलं आणि आज रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो.

कर्जत-३ झोडून बघितलं. बूड फाटकं. तळ्यातला देवभात, बूड गुळगुळीत, जणू कुणी बोटाने लिंपलंय. तिसरा, संशयित. बूड गुळगुळीत. पण दाणा तळ्यातल्यासारखा बारीक नाही, चांगला भरलेला आहे, कर्जत-३ शेजारी ठेवला तर फरक सांगता येत नाही. तेवीसपैकी नऊ रोपांना कूस, चौदांना नाही. चोळून तूस काढलं तर सगळे लाल.

शंकेखोर | ४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

म्हणजे अंग पिकाचं, खोड रानाची. पण बाप तळं की पिशवी, हे राहिलंच.

वनस्पतीवेडा | ४ ऑक्टोबर, रात्री १०:२५

राहू द्या. कूस असलेले आणि नसलेले असे दोन्ही आहेत, त्यावरून मिश्रण आहे एवढं नक्की. सगळंच पहिल्या पिढीच्या संकराचं असतं तर इतकी सरमिसळ दिसली नसती. माझा कौल पिशवीकडे, पण शपथेवर सांगणार नाही.

चिखलणी | ४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

कापलेल्याचं काय केलंत? बांधावर टाकलं नाहीत ना?

मुरबाडचा_मुक्काम | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४५

नाही नाही. काकूने दाणे उकळत्या पाण्यात टाकून कोंबड्यांना घातले. तळ्यातल्या लोंब्यांचे मात्र वाटीभर निघाले ते तिने डब्यात भरून वर ठेवलेत. पुढच्या पंचमीला म्हणे. सुलभाताई, शिजायला हट्टी म्हणालात, तर भिजवायचा किती वेळ?

सुलभाताई_वसई | ५ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

रात्रभर. आणि पाणी दुप्पट नको, तिप्पट घाला.